ओल्ड कोर्सवर स्कोअर ठेवू नका, मॅच खेळा

पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय. ते आणि त्यांचे तीन मित्र, सगळे पन्नाशी ओलांडलेले, सप्टेंबरात स्कॉटलंडला येताहेत आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर त्यांना सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा आकडा, १२, १७, २१ आणि २६. शनिवारी संध्याकाळी गावात पोहोचणार. त्यांचा प्रश्न असा: "आम्ही वीस वर्षं दर शनिवारी एकत्र खेळतो, थट्टामस्करी करत. इतक्या अवघड कोर्सवर चौघांचाही विचका होऊन दिवस कडू होऊ नये म्हणून काय करावं? आणि इथे पुण्यात तयारी काय करावी?"

मी टे नदीच्या अलीकडे डंडीत राहतो. सेंट अँड्र्यूज गाडीने अर्ध्या तासावर. तेवीस वर्षांत ओल्ड कोर्सवर तीसेक वेळा तरी खेळलो असेन, आणि त्यातल्या निम्म्या वेळा भारतातून आलेल्या पाहुण्यांबरोबर. म्हणजे विचका कसा होतो हे मी अगदी जवळून पाहिलंय, आणि बऱ्याचदा स्वतः केलाय.

तर आधी उत्तर सांगून टाकतो: स्कोअरकार्ड आठवण म्हणून घ्या आणि बॅगेत ठेवून द्या. त्यावर आकडे लिहू नका. जोड्या पाडा आणि मॅच खेळा. बाकीचं सगळं यानंतर येतं.

कारण सांगतो. हा कोर्स कोणी नकाशा काढून आखलेला नाही. समुद्र मागे सरकल्यावर उरलेली वाळूची, खुरट्या गवताची जमीन; मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, आणि गावकरी चेंडू मारायचे. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी सनद दिली, त्यात गावकऱ्यांचा या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे तेव्हाच खेळ जुना होता. त्या काळात खेळायचे ते समोरासमोर, एकेका होलसाठी, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून (टी) भोकापर्यंतच्या एकेका टप्प्यासाठी: हा तुझा, हा माझा. एकूण फटके मोजून जिंकण्याची पद्धत इथे १७५९ च्या सुमारास आली. जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या मॅचसाठी तुडवली गेली, तिथे एखाद्या खड्ड्यात पाच फटके जाणं ही गंमत होती. होल गेला, पुढच्या टीवर हिशेब पुन्हा कोरा. फटके मोजायला लागलात की तेच पाच फटके उरलेले बारा होल मानगुटीवर बसतात.

माझा पहिला राउंड हा त्याचाच नमुना. तेव्हा माझा हँडिकॅप १६ होता आणि नव्वदच्या आत यायचं असं ठरवून गेलो होतो. दहाव्या होलपर्यंत ठीक चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. अकराव्यावर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चार फटके गेले. मग बाराव्या टीवर उभं राहून मी समुद्र पाहिला नाही, गाव पाहिलं नाही. मनातल्या मनात बेरीज करत होतो. शेवटी ११३. बरोबरच्या मित्राशी शेवटचे सहा होल मी धड बोललोसुद्धा नाही. तो अजून टोमणे मारतो.

तुमच्या चौघांची मॅच अशी लावा. फोरबॉल बेटरबॉल. १२ आणि २६ वाले एका बाजूला, १७ आणि २१ वाले दुसऱ्या. प्रत्येक जण आपापला चेंडू खेळतो, जोडीतला चांगला स्कोअर धरायचा. हँडिकॅपचं गणित: फोरबॉल मॅचला प्रत्येकाच्या कोर्स हँडिकॅपचे (त्या कोर्सपुरत्या काढलेल्या हँडिकॅपचे) ९० टक्के धरतात. तुमचे आकडे तसेच धरले तर ते ११, १५, १९, २३ होतील. (ओल्ड कोर्सचा कोर्स हँडिकॅप थोडा इकडेतिकडे येईल, तो स्टार्टरकडे, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्याकडे, लावलेल्या तक्त्यावर पाहून घ्या.) सगळ्यांत खालचा शून्यावर खेळतो, बाकीच्यांना फरक: ४, ८ आणि १२. ज्याला १२ फटके मिळाले त्याला कार्डावरच्या स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते १२ च्या होलवर एकेक फटका. एवढं आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. टीवर उभं राहून पैशांच्या वाटणीसारखी घासाघीस नको.

याचा खरा फायदा २६ हँडिकॅपवाल्या मित्राला. एखाद्या होलवर तो बुडाला की चेंडू उचलायचा, खिशात टाकायचा आणि जोडीदाराला बघत राहायचं. कोणाचं काही नुकसान नाही, मागच्यांचा खोळंबा नाही. आणि अठरापैकी तीन-चार होल असे निघतात की बाकी तिघांचं वाळूत काहीतरी चाललेलं असतं आणि हा गडी बावळटासारखा जमिनीलगत चेंडू ढकलत येऊन होल घेऊन जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर पैज लावतो.

मॅचमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी मित्रांच्या खेळाला फार शोभते: समोरच्याचा छोटा पट, म्हणजे चेंडू भोकात लोळवायचा हलका फटका, न मारताच पडला असं धरून सोडून देणं. आपल्याकडे शनिवारच्या खेळात "दिला, दिला" म्हणत चार फुटांचेही सोडतो आणि मग स्कोअरही लिहितो. फटके मोजण्याच्या खेळात ते नियमाबाहेर आहे. मॅचमध्ये मात्र ते नियमातच बसतं. तेव्हा मोकळ्या मनाने सोडा. कधी कधी दोन फुटांचा मुद्दाम सोडू नका, हेही त्यात आलंच.

आता कोर्स अवघड कशामुळे ते पाहू, कारण पहिल्या टीवरून तो अवघड दिसतच नाही. समोर झाडाचं पान नाही. पहिला आणि अठरावा होल एकच फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, वाटून घेतात, तो एवढा रुंद आहे की आपल्याकडे त्यात दोन सोसायट्या बसतील. नवा माणूस म्हणतो, यात काय आहे? आणि तिथेच उजवीकडे कुंपणाबाहेर मारतो.

उजवीकडे. हा एकच शब्द लक्षात ठेवलात तरी पाच फटके वाचतील. कोर्स गावातून निघून खाडीच्या दिशेने जातो, टोकाला वळसा घेतो आणि त्याच पट्ट्यातून परत येतो. आकार मेंढपाळाच्या आकडीच्या काठीसारखा. जाताना डाव्या हाताला परतीचे फेअरवे, परतताना डाव्या हाताला जायचे. म्हणजे दोन्ही वेळा डावीकडे मोकळं रान आणि उजवीकडे आफत: जाताना गोर्स नावाचं काटेरी पिवळं झुडूप, परतताना भिंत, हॉटेल, रस्ता. आपल्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्या, चेंडू उजवीकडे पळवणाऱ्या हौशी गोल्फरांसाठी याहून वाईट मांडणी कोणी ठरवून केली नसती. भरीला नेहमीचा नैऋत्येचा वारा जाताना डावीकडून येतो आणि चेंडू आणखी झुडपांकडे ढकलतो. गोर्समध्ये चेंडू शोधायला हात घालू नका. बाभळीच्या कुंपणात हात घातल्यासारखं होतं. सोडून द्या.

म्हणून शंका आली की डावीकडे मारा. पार डावीकडे, दुसऱ्या फेअरवेवर गेला तरी चालेल. तिथून खेळणं इथे मुळीच लाजिरवाणं नाही. फक्त समोरून येणाऱ्यांकडे बघा आणि चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर घसा फोडून "फोर" ओरडा. अर्थात यालाही मोल आहे. डावीकडून ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे, जाताना बरेचदा मध्ये बंकर किंवा उंचवटा येतो. भोकातला झेंडा मोकळा दिसतो तो उजवीकडून, जिथे धोका आहे तिथून. चांगला खेळाडू ती जोखीम घेतो. तुमच्यातला १२ हँडिकॅपवाला एखाद-दोनदा घेऊ शकेल. बाकी तिघांनी लांबच्या वाटेने जावं.

मग बंकर. एकूण ११२ आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला नाव आहे. त्यांच्या भिंती गवताच्या ढेपा विटांसारख्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या असतात, सरळसोट. काही इतके लहान की आत उतरल्यावर स्टान्स कसा घ्यायचा हाच प्रश्न. आणि पुष्कळसे टीवरून दिसतच नाहीत. बारावा होल पाहा: छोटासा पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला होल, समोर नुसता हिरवा गालिचा, एकही खड्डा दिसत नाही. मारता, चेंडू मधोमध पडतो, तुम्ही खूश. चालत गेल्यावर कळतं की फेअरवेच्या पोटात बंकर लपलेत आणि तुमचा चेंडू त्यातल्या एकात बसलाय. एके काळी कोर्स उलट दिशेनेही खेळत, त्या बाजूने आलात तर ते सगळे स्वच्छ दिसतात. आपण त्यांच्या पाठीमागून येतो, एवढाच काय तो फरक.

बंकरमधल्या चेंडूबद्दल एकच नियम, आणि तो आदल्या रात्री चौघांनी एकमेकांना शपथेवर सांगा: पहिला फटका बाहेर येण्यासाठी. झेंड्याकडे नव्हे. आडवा, मागे, जिकडून भिंत ठेंगणी असेल तिकडे. माझे एक स्नेही मुंबईहून आले होते, हँडिकॅप ९, माणूस फार हुशार. चौदाव्या होलवर त्यांचा दुसरा फटका हेल बंकरमध्ये गेला. हा बंकर म्हणजे विहीर नव्हे, छोटा तलाव आटल्यावर उरेल तेवढा खड्डा. आत उतरलात की बाहेरच्यांना तुम्ही दिसत नाही. कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, वरून शांतपणे म्हणाला, मागे मारा. स्नेह्यांनी भिंतीकडे पाहिलं, वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, घेतला. चेंडू भिंतीच्या ढेपेवर आपटून त्यांच्या पायाजवळ परत आला. पुन्हा तेच. आम्हाला वर उभं राहून फक्त वाळूचा फवारा दिसायचा आणि नंतर एक अस्सल मराठी शब्द ऐकू यायचा. तिसऱ्या फवाऱ्यानंतर शब्द दोन झाले. पाचव्या फटक्याला ते मागे मारून बाहेर आले आणि कॅडीने एक अक्षर न बोलता वाळू सारखी करायचा रेक उचलला.

त्यांना मी नंतर सांगितलं की १९९५ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत जॅक निकलॉसलाही याच खड्ड्यातून निघायला चार फटके लागले होते आणि त्या होलवर त्यांनी १० लिहिले. अठरा मेजर, म्हणजे सगळ्यांत मानाच्या स्पर्धा, जिंकलेला माणूस. ऐकून स्नेह्यांची छाती जरा फुगली. तुम्हाला चौदाव्यावर हेल टाळायचा असेल तर दुसरा फटका डावीकडे, पाचव्या होलच्या फेअरवेवर मारा. होल लांब होतो, पण तीन फटक्यांत ग्रीनजवळ पोहोचण्याइतपत सरळ राहतो.

ग्रीनचं निराळंच प्रकरण आहे. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा सोडले तर बाकी चौदा होलना मिळून सातच ग्रीन आहेत, दोन-दोन झेंड्यांचे. आधी लोक त्याच होलवरून जायचे आणि यायचे. १७६४ पर्यंत फेरी बावीस होलची होती, त्या वर्षी चार होलचे दोन केले; ते जाताना आणि येताना असे दोनदा खेळत, म्हणून चार कमी होऊन अठरा झाले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. एकोणिसाव्या शतकात गर्दी वाढली तशी एकाच ग्रीनवर दोन भोकं आली. कोणता होल कोणाबरोबर हे लक्षात ठेवायला सोपं: दोघांची बेरीज अठरा. दुसरा सोळाव्याबरोबर, पाचवा तेराव्याबरोबर, सातवा अकराव्याबरोबर. जाताना पांढरे झेंडे, परतताना लाल. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन तर पाऊण एकराहून मोठं आहे; गुंठ्यांत सांगायचं तर तीस गुंठ्यांच्या वर. त्यावर चुकीच्या टोकाला चेंडू पडला तर पन्नास-साठ यार्डांचा पट मारावा लागतो. "ग्रीनवर दोनमध्ये आलो" म्हणून टाळी घ्यायची आणि मग चार पट करायचे, हे तिथे रोजचं आहे.

आता तयारी, कारण याचं उत्तर इथूनच निघतं. पुण्यात आपण पावसाळ्यानंतरच्या जाड गवतावर, उंच उडवून मऊ ग्रीनवर टाकायला शिकलेलो असतो. लिंक्सची, म्हणजे अशा समुद्रकाठच्या कोर्सची, जमीन तशी नाही. खाली वाळू, वर बारीक, घट्ट, दाढी केल्यासारखं गवत. चेंडू पडला की धावतो. साठ अंशांचा वेज घेऊन त्याच्याखाली घुसायला जाल तर पातं जमिनीवरून उसळून चेंडूच्या डोक्यात बसतं आणि तो सूं करत ग्रीनपलीकडे. तेव्हा येण्याआधीच्या दोन महिन्यांत वेज थोडा विसरा. तीन गोष्टी करा.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: पटर, म्हणजे पट मारायची काठी. ग्रीनच्या बाहेरून, तीस-चाळीस यार्डांवरून, चढावरून, उतारावरून, पटरनेच. इथे दहा वर्षांची पोरंही तसंच खेळतात आणि ऐंशीचे आजोबाही. पुण्यात तुम्हाला एवढी घट्ट जमीन पावसाळ्यात मिळणार नाही, पण लांब पटचा अंदाज हातात बसवता येतो: प्रॅक्टिस ग्रीनच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, भोकाकडे न बघता, फक्त अंतरासाठी. रोज वीस मिनिटं. बरोबरचे हसतील, हसू द्या.

दुसरी: सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या काठीने) जमिनीलगत चिप, म्हणजे छोटा फटका, जी दोन हात उडते आणि बाकी लोळत जाते. तिसरी: वाऱ्यात खाली राहणारा फटका. चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागे, क्लब, म्हणजे काठी, एक-दोन नंबरने लांब मारणारी, स्विंग तीन-चतुर्थांश. वाऱ्याविरुद्ध जोरात मारू नका, चेंडू तेवढाच वर चढून तेवढाच मागे येतो. सप्टेंबरात ऊन असतंही, पण अंगावर तीन थर ठेवा आणि पावसाचे हातमोजे दोन जोड घ्या. वारा पूर्वेकडून, समुद्रावरून फिरला तर हार नावाचं धुकं येतं आणि दोनशे यार्डांवरचा माणूस दिसेनासा होतो.

अकराव्या होलबद्दल थोडं जास्त, कारण तिथे मॅच फिरते. पार थ्री, साधारण एकशे सत्तर यार्ड, ग्रीन समोरच्या बाजूला तीव्र उतरतं. पुढे उजवीकडे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर. १९२१ च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांचा अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्स हिल बंकरमध्ये अडकला, बाहेर येईना, शेवटी चेंडू उचलून त्याने स्पर्धाच सोडली. तोच जोन्स १९२७ मध्ये याच कोर्सवर ओपन जिंकला, १९३० मध्ये इथेच ब्रिटिश अमॅच्युअर जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकी माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ चा. दहावा होल आज जोन्सच्या नावाने आहे. अकराव्यावर तुम्ही काय करायचं? ग्रीनच्या अलीकडे मधोमध आखूड ठेवा आणि पटरने वर आणा. आणि मारण्याआधी नजर फिरवा: सातव्याचे खेळाडू याच होलची वाट ओलांडून याच ग्रीनवर येतात. कोण आधी, हे हात दाखवून, हसून ठरतं.

सतरावा, रोड होल. याच्यावर बोलायला बसलो तर रात्र होईल. टीसमोर हॉटेलच्या आवारातली हिरवी शेड; जुन्या रेल्वेच्या शेडची नक्कल. चेंडू तिच्यावरून मारायचा. शेडवर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि कॅडी तुम्हाला दिशा सांगतो ती अक्षरावरून: अमुक अक्षरावरून मारा. ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याला डावीकडचं अक्षर मिळतं, ज्याला कॅडी अजिबात ओळखत नाही त्याला शेडच्याही डावीकडचं आकाश. पुढे ग्रीन म्हणजे आडवी, अरुंद, उंचावरची पट्टी. समोर रोड होल बंकर, आणि भोवतालची सगळी जमीन त्याच्याकडेच उतरलेली, परडीच्या तळासारखी. मागे खडीची वाट, डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच खेळायचा, सूट नाही. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा इथे दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट वळून बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले, होलवर ९. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा दुसरा फटका रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेला आणि ओपन बॅलेस्टेरॉसची झाली.

तुमच्यासाठी हा पार फोर नाही. पार फाइव्ह समजा, म्हणजे जीव हलका होईल. ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला फटका, डावीकडे सुरक्षित, दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूला, तिथून पटरने तिरपा वर. ज्याला फटका मिळतोय त्याचे असे पाच म्हणजे नेट चार, आणि नेट चारला इथे होल बहुतेक मिळतो. बंकरच्या पलीकडचा झेंडा बघून कोणी वेज काढला तर जोडीदाराने त्याच्या हातावर चापट मारावी.

अठराव्याबद्दल सांगण्यासारखं कमी. स्विल्कन पुलावर फोटो काढाल. काढाच, पण मागचे थांबलेले असतात तेव्हा चौघांचा एकच. मेंढपाळांना जनावरं पलीकडे नेता यावीत म्हणून बांधलेला हा एवढासा दगडी पूल, पण २०२३ मध्ये त्याच्या तोंडाशी नवी फरसबंदी केली तर जगभरातून एवढी ओरड झाली की ती काढून टाकावी लागली. ग्रीनच्या आधी डावीकडे व्हॅली ऑफ सिन नावाचा खळगा आहे. थोडा जास्त मारा, खळग्यात परत येऊ देऊ नका. कठड्यापाशी अनोळखी लोक उभे असतात आणि तुमचा शेवटचा पट पाहतात. पडला तर टाळ्या वाजवतात, नाही पडला तरीही.

रीतीभातीच्या काही गोष्टी. पहिल्या टीवर दुसरा चेंडू नाही. शनिवारच्या खेळातली "एक माफ" इथे घरी ठेवून या. हात थरथरतात, खिडक्यांतून लोक पाहतायत असं वाटतं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, नका घेऊ, पाच नंबरच्या आयर्नने डावीकडे मारा, पुढे ओढा आडवा आहे त्याच्या अलीकडे राहाल. फेरी चार तासांच्या आत होणं अपेक्षित असतं, आणि चालतच, गाडी नसते. चौघांत दोन तरी कॅडी घ्या. आपल्याकडचा कॅडी साहेबांच्या चुकीला वारा जबाबदार धरतो. इथला तसं करत नाही. तो तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारेल, तुमचे तीन फटके पाहील आणि चौथ्या होलपासून तुम्हाला हवा तो क्लब देण्याऐवजी तुम्हाला झेपेल तो देईल. ऐका. त्याचे पैसे वेगळे असतात, रोख ठेवा.

पैज लावायची असेल तर पैशांची नको. हरणाऱ्या जोडीने सतराव्याला लागूनच असलेल्या जिगर इनमध्ये सगळ्यांना पाजायचं, एवढं पुरे. आणि दुसऱ्या दिवशी हात शिवशिवत असतील तर शेजारच्या न्यू कोर्सवर जा. नाव नवं, पण जुना नामवंत कोर्स आखणारा टॉम मॉरिस याच्या हातचा, १८९५ चा. तिथे फोरसम खेळा: जोडीला एकच चेंडू, आळीपाळीने फटका. जोडीदाराने घालून ठेवलेल्या घोळातून चेंडू काढताना वीस वर्षांची मैत्री नीट तपासून निघते.

शेवटचं, तुम्ही शनिवारी पोहोचताय हे फार उत्तम. ओल्ड कोर्स रविवारी खेळाला बंद असतो, मोठी स्पर्धा असेल तेवढी सोडून. त्या दिवशी तो गावाचा. लोक कुत्री घेऊन, बाबागाड्या घेऊन फेअरवेवरून हिंडतात. तुम्हीही सकाळी अठराव्यापासून उलटे चालत जा, सतराव्या ग्रीनच्या मागे उभे राहून बंकर बघा, बाराव्याचे लपलेले खड्डे त्यांच्या तोंडाकडून बघा. ग्रीनवर आणि बंकरमध्ये मात्र पाय ठेवू नका. माझी आई आली होती तेव्हा तिला असंच फिरवलं होतं. नऊवारीवर माझं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट. हेल बंकरच्या काठाशी ती बराच वेळ थांबली. म्हणाली, "एवढं मोकळं रान पडलंय, मग यात उतरता कशाला?" मी म्हटलं, "उतरत नाही गं, पडतो." तिने वाकून तळाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि यासाठी पैसे भरता?"

सकाळी गवत भिजलेलं असतं. रविवारी चालायला वेगळे बूट आणा, सोमवारचे कोरडे ठेवा.